इंटिरियर डिझाईनचा एक वर्षाचा डिप्लोमा, संभाजीनगर : पाचपैकी अडीच स्टार

क्लासचं नाव लिहीत नाही, उगाच फोन येत बसतात. आणि नावानं फार फरक पण पडत नाही, कारण माझ्या दोन मैत्रिणींनी दुसऱ्या दोन क्लासमधे हाच डिप्लोमा केला आणि तिघींच्या गोष्टी जवळपास सारख्याच निघाल्या.

मी जालन्याची. पप्पांचं प्लायवूड-हार्डवेअरचं दुकान आहे. बीकॉम झाल्यावर पुढं काय करायचं ते ठरत नव्हतं, पण दुकानात डिझायनर मॅडम यायच्या, गळ्यात टेप, डोक्यावर गॉगल, आणि पप्पा स्वतः उठून त्यांच्यासाठी चहा सांगायचे. आमच्या मम्मीच्या भावाला पण पप्पा कधी उठून चहा सांगत नाहीत. म्हटलं काम असावं तर असं. चहा कामून सांगायचे ते मला खूप नंतर कळलं, ते खाली लिहिते.

फी ७८ हजार. वर ४ हजार किटचे. किट म्हणजे टी-स्क्वेअर, दोन सेट स्क्वेअर, पेनांचा एक सेट, स्केल आणि पाच मीटरचा टेप. टेपची स्प्रिंग आठव्या दिवशी गेली. नंतर औरंगपुऱ्यात सहज विचारलं तर हेच सगळं दीड हजारात मिळत होतं. असो. जालना-संभाजीनगर रेल्वेनं अपडाऊन, आठवड्यात तीन दिवस क्लास, डबा घरचा.

अॅडमिशनच्या दिवशी पप्पा सोबत होते. काउन्सेलर मॅडमला त्यांनी एकच प्रश्न विचारला, "सरकारमान्य आहे का ओ?" मॅडम म्हणल्या, "हो सर, आपलं आयएसओ आहे ना." पप्पांनी मान हलवली, मी पण हलवली. आयएसओ म्हणजे ऑफिसचा कारभार ठरलेल्या पद्धतीनं चालतो एवढाच कागद, त्याचा डिप्लोमाशी काही संबंध नाही हे तेव्हा आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. वर मॅडम असंही म्हणल्या की एक वर्षात ही "आर्किटेक्टच्या बरोबरीनं" काम करेल.

ह्याच्यावर जरा सविस्तर लिहिते, बारावीची लेकरं आणि त्यांचे आईवडील नेमके इथंच फसतात. आर्किटेक्ट ही नुसती पाटी नाहीये, त्याला १९७२ चा कायदा आहे. कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडं नोंदणी असल्याशिवाय स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही, आणि नोंदणीसाठी पाच वर्षांचं बीआर्क लागतं. त्याला बारावीत गणित आणि फिजिक्स पाहिजे, मग नाटा (आर्किटेक्चरची प्रवेश परीक्षा) किंवा जेईई मेनचा आर्किटेक्चरचा पेपर. नाटा २०० मार्कांची, त्यातले ८० चित्रकलेचे, म्हणून शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिली असेल तर हात बसलेला असतो, ते वाया जात नाही. इंटिरियर डिझायनरला मात्र असला कुठलाच कायदा नाही. उद्या आमच्या शेजारच्या काकूंनी पाटी लावली तरी कोणी अडवू शकत नाही. म्हणजे हा डिप्लोमा लायसन्स वगैरे काही नाही, तुम्हाला काम येतं का नाही एवढंच बाजार बघतो. आमच्या बॅचच्या एका पोराला हे पटलं नाही, त्यानं कोर्स संपायच्या आधीच "आर्किटेक्ट अँड इंटिरियर" असे हजार कार्ड छापले. एका खऱ्या आर्किटेक्टच्या हाती एक कार्ड पडलं, त्यांनी फोन करून नीट समजावून सांगितलं. आता तो कार्डावरचा पहिला शब्द काळ्या मार्करनं खोडून वाटतो, अजून सातशे शिल्लक आहेत म्हणे.

आणि एक मधली वाट आहे जी कोणी सांगतच नाही. आयटीआयचा ड्राफ्ट्समन सिव्हिल, दोन वर्षं, फी नावाला. आमच्या बॅचमधे परभणीकडची एक मुलगी तो करून आलेली होती, पहिल्या दिवसापासून ती आमच्या पुढं होती आणि नोकरी पण तिलाच आधी लागली. पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा पण आहे. आमच्या घरी ह्यातलं कोणाला काही माहीत नव्हतं. माहीत होतं फक्त रिक्षाच्या मागचं फ्लेक्स.

आता शिकवण्याबद्दल.

पहिले तीन महिने ऑटोकॅड, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे काढायचं सॉफ्टवेअर, मग थ्रीडी चित्रांसाठी स्केचअप, मग व्ही-रे. शिकवणारी मुलं आमच्याच वयाची, मागच्या बॅचची, कमांड पटापट सांगायची पण "ही भिंत नऊ इंची का आणि ती साडेचार इंची का" असं विचारलं की "ते साईटवर कळेल" म्हणायची. सॉफ्टवेअर क्रॅक केलेलं. ऑटोकॅड विद्यार्थ्यांना वर्षभर फुकट मिळतं, पण त्यासाठी संस्था त्यांच्या नियमात बसावी लागते, आमची बसत नव्हती. सबमिशनच्या आदल्या दिवशी सोळापैकी नऊ कॉम्प्युटर एकदम बंद पडले आणि सर म्हणले घरून करून आणा. घरी कॉम्प्युटर असता तर मी ७८ हजार कशाला भरले असते?

थ्रीडी मात्र भारी शिकवलं, खोटं कशाला बोलू. पण सगळ्यांच्या बेडरूम सारख्याच. राखाडी भिंत, पलंगामागं उभ्या पट्ट्यांचं पॅनल, फॉल्स सिलिंगमधून पिवळी लाईट आणि एका बाजूला खालपासून वरपर्यंत काच, काचेबाहेर कुठलातरी हिरवागार डोंगर. जालन्यात. मे महिन्यात बेचाळीसच्या पुढं जातं आमच्याकडं.

ती काच बघूनच ड्राफ्टिंगच्या सरांनी मला विचारलं होतं, "पोरी, पश्चिम कोणती बाजू?" मला सांगता येईना, फाईलमधे मी नॉर्थचा बाणच काढला नव्हता. सर म्हणले, "मग दुपारी चारला ह्या खोलीत कोण बसणार, तू का तुझा क्लायंट?"

माझे अडीचपैकी दीड स्टार ह्या सरांचे आहेत. बांधकाम खात्यातून ड्राफ्ट्समन म्हणून रिटायर झालेले, शर्टाच्या खिशात पेन्सिल, बुधवारी आणि शनिवारी यायचे. ब्रोशरवर त्यांचा फोटो सुद्धा नव्हता, तिथं ब्लेझरमधले कोणी वेगळेच लोक होते जे आम्हाला वर्षभरात एकदाही दिसले नाहीत.

सरांचा पहिला तास. म्हणले, वर्ग मोजा. चार ग्रुप केले, चार टेप दिले, हसत हसत मोजला आम्ही, दहा मिनिटांचं काम. चार ग्रुपची चार उत्तरं आली, कोणाचं वीस फूट दोन इंच, कोणाचं वीस फूट पाच. आम्ही एकमेकांना वेड्यात काढायला लागलो तर सर म्हणले, भांडू नका, चौघंही बरोबर आहेत. कोणी फरशीलगत मोजलं होतं, कोणी खिडकीच्या उंचीवर, कोणी मधे बाक आला म्हणून थोडं तिरकं. मग त्यांनी दाखवलं. एकच माप तीन ठिकाणी घ्यायचं, खाली, मधे, वर, आणि तिन्हीतलं सगळ्यात लहान धरायचं. मग कर्ण मोजायचे, दोन्ही. दहा बाय बाराची खोली गुण्यात, म्हणजे चारी कोपरे काटकोनात, असेल तर कर्ण १५ फूट साडेसात इंचाच्या आसपास आला पाहिजे, आणि दोन्ही सारखे आले पाहिजेत. नाही आले तर खोली कुठंतरी पसरलीये, आणि तुमचं काटकोनी कपाट तिथं बसणार नाही. गवंडी काय करतो, एका भिंतीवर सहा फुटाची खूण, दुसऱ्या भिंतीवर आठ फुटाची, मधलं अंतर बरोबर दहा आलं की कोपरा गुण्यात. शाळेत पायथागोरसवर मी पाच मार्क घेतले होते, तो असा भिंतीवर चालतो हे तेव्हा कळलं.

सरांनी तरुणपणी किल्लारीच्या भूकंपानंतर पुनर्वसनाच्या नव्या गावांचे नकाशे काढलेले. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनाची रात्र, पहाटे चारच्या जरा आधी. आम्ही सगळे त्याच्यानंतर जन्मलेलो, आम्हाला आजीकडून ऐकलेलं तेवढंच. सरांनी फळ्यावर माळवदाच्या घराचा छेद काढला. दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती, गोलसर दगड, मधे नुसती माती. वर लाकडं आणि त्यावर मातीचा थर, आणि गळतं म्हणून दर वर्षी त्या थरावर अजून माती. उन्हाळ्यात असलं घर एकदम थंड, म्हणून तर लोकांनी पिढ्यानपिढ्या बांधलं. पण भिंतीचा आतला पदर आणि बाहेरचा पदर बांधून ठेवणारा आरपार लांब दगड कोणी घातला नव्हता. धक्का बसला तसे दोन पदर फाकले आणि वरचं सगळं वजन झोपलेल्या माणसांवर आलं. जवळपास आठ हजार माणसं गेली. सर म्हणले, भिंतीच्या जाडीएवढा लांब एक दगड, तो बसवायचा राहिला. नंतर नवी गावं सरळ रस्त्यांची, चौकटीत आखलेली, आणि लोक तिथं राहायला गेल्यावर हळूहळू प्रत्येकानं पुढं गोठा, पडवी, चुलीची जागा वाढवलीच, कारण नकाशात माणसं मोजली होती, म्हशी आणि ज्वारीची पोती मोजली नव्हती. हे सांगताना सर स्वतःवरच हसले. त्या दिवशी वर्गात कोणी मोबाईल काढला नाही.

सहल पण सरांमुळंच बरी झाली. क्लासच्या टाईमटेबलमधे "हेरिटेज स्टडी टूर" म्हणजे बीबी का मकबरा, एक तास, ग्रुप फोटो, परत. सरांनी आम्हाला कबरीच्या इमारतीजवळ नेलं आणि म्हणले हात लावून बघा संगमरवर कुठपर्यंत आहे. खालच्या भागापर्यंतच. वर काळा दगड आणि त्यावर चुन्याचा गिलावा, घुमट तेवढा परत संगमरवराचा. "लांबून दिसतं तिथं भारी माल, हाताला लागतं तिथं भारी माल, मधे बचत. ह्याला म्हणतात एस्टिमेट." मुख्य दारावर अताउल्ला आणि हंसपतराय अशी बांधणाऱ्यांची नावं आहेत, अताउल्ला म्हणजे ताजमहालवाल्या उस्ताद अहमद लाहोरींचा मुलगा. एक पोरगं म्हणलं, "म्हणजे बापाचं डिझाईन कॉपी मारलं." सर म्हणले, "बजेट कमी असताना मारून दाखव."

सहाव्या महिन्यानंतर सर यायचे बंद झाले. मानधनाचं काहीतरी झालं होतं असं कानावर आलं. त्यांच्या जागी दुसरं कोणी आलंच नाही, प्रोजेक्टरवर व्हिडिओ लावून द्यायचे, तेही हिंदीतले, ज्यातला माणूस सगळी मापं मिलिमीटरमधे सांगायचा आणि आमचा सुतार सुतात, म्हणजे इंचाच्या आठव्या भागात, बोलतो. आम्ही सात-आठ जणांनी फीचे पैसे परत मागितले, अर्ज दिला, अर्जाची पोच मिळाली. पैशाची वाट अजून बघतेय.

मटेरियलच्या लेक्चरला तर मला हसूच आवरेना. शिकवणाऱ्या मॅडम म्हणल्या सगळीकडं मरीन प्लाय, म्हणजे पाण्यात टिकणारा, वापरायचा. सगळीकडं? आमच्या दुकानात ह्याला सातशे दहा म्हणतात, आयएस ७१० ह्या मानकाच्या नंबरावरून, त्याचा नियम म्हणजे तुकडा ७२ तास उकळून सुद्धा थर सुटले नाही पाहिजेत. तो सिंकखाली लावा, बाथरूमच्या दाराजवळ लावा. बेडरूमच्या कोरड्या भिंतीला आयएस ३०३ चा एमआर, म्हणजे नुसता दमटपणा सोसणारा प्लाय, चालतो, क्लायंटचे पैसे वाचतात. वर नुसता ७१० चा छाप बघून माल घेऊ नका, छाप काय कोणीपण मारतं. पप्पा शीट एका बाजूनं उचलतात, वजनावरून निम्मं सांगतात, मग कडेनं बघतात मधे पोकळी आहे का, मग बोटानं ठोकत जातात. हे मी वर्गात बोलून दाखवलं तर मॅडम म्हणल्या पुढचं लेक्चर तूच घे, आणि मी खरंच घेतलं, पप्पांच्या दुकानातले तुकडे पिशवीत घालून रेल्वेनं नेले. त्याचे पैसे कोणी दिले नाहीत हे वेगळं.

आणि तो चहा. डिझायनर मॅडम क्लायंटला घेऊन यायच्या, क्लायंट बिल भरायचा, आणि चार दिवसांनी मॅडम एकट्या येऊन आपला टक्का घेऊन जायच्या. हा धंद्यातला सगळ्यांना माहीत असलेला विषय आहे, फक्त क्लायंटला माहीत नसतो, आणि क्लासमधे ह्याच्यावर वर्षभरात एक शब्द नाही. डिझायनरनं फी कशी लावायची, स्क्वेअर फुटावर, कामाच्या टक्क्यावर का नुसती ड्रॉईंगची ठरावीक, कोटेशन कसं लिहायचं, पैसे तीन हप्त्यात का घ्यायचे, काहीच नाही. मी स्वतः काय करते तर फी उघड सांगते आणि दुकानदाराचा टक्का बिलातून क्लायंटलाच कमी करायला लावते. पप्पांना हे पटत नाही. म्हणतात, "तू धंद्यात नवीन हाईस." असेन.

शंभर टक्के प्लेसमेंट लिहिलेलं असतं, ते खोटं नाही म्हणता येणार. कॉल सगळ्यांना आले. त्यातले निम्मे मॉड्युलर किचनच्या शोरूममधे सेल्सचे, महिन्याला इतके किचन विका असं टार्गेट. मला एका ऑफिसात ५ हजार स्टायपेंडवर घेतलं, संभाजीनगरात रूमभाडं त्याच्यातच गेलं. पण तिथं जे शिकले ते शिकले. वर्किंग ड्रॉईंग म्हणजे काय, सुताराला द्यायचा कागद वेगळा आणि इलेक्ट्रिशियनला द्यायचा वेगळा, २०२० ची जी बांधकामाची नवीन एकत्रित नियमावली आहे तिच्यात इमारतीभोवती किती जागा सोडायची ते कुठं बघायचं, आणि आपल्याकडं पाणी आठ-आठ दिवसांनी येतं म्हणून घराचा नकाशा हौदापासून सुरू करायचा. आमच्या थ्रीडीमधे कोणाच्याच घराला हौद नव्हता.

पहिलं स्वतःचं काम परतूरला, मावशीकडं. फुकट अर्थातच. दोन भिंतींच्या मधल्या कोनाड्यात साडेसात फुटाचं कपाट. मी जोरात होते, एकदा टेप लावला, साडेसात फूट, ड्रॉईंग काढलं, मिस्त्रीनं सांगाडा बनवला, उभा करायला गेलो तर खाली बसला आणि वर अडकला. दीड इंच. मिस्त्रीनं ओळंबा (भिंत सरळ उभी आहे का बघायचं दोरीचं वजन) सोडला, दोरी हलायची थांबेपर्यंत बिडी काढली आणि शांतपणे म्हणला, "ताई, तुमचं ड्रॉईंग ओळंब्यात हाय, मावशीची भिंत नाही. कोणाला पाडायचं सांगा." खाली-मधे-वर, तिन्हीतलं लहान. वर्गात वहीत लिहून घेतलं होतं मी, खाली लाल रेघ पण मारली होती. शेवटी सांगाडा एका बाजूनं कापला, खाली फट राहिली ती पट्टीनं झाकली. मावशीला अजून वाटतं ती डिझाईन आहे.

त्याच घरात खिडकीच्या कोपऱ्यातून एक तिरकी चीर गेलेली होती, तिच्यावर मी मस्त पॅनल सुचवलं होतं. मिस्त्री म्हणला झाकू नका, काळ्या मातीवरचं घर आहे, पावसाळ्यात माती फुगती, उन्हाळ्यात आकसती, चीर वाढायली का आहे तशीच आहे ते दिसू द्या, वर्षभर पेन्सिलनं टोकाला तारीख टाका. तशा तारखा टाकल्यात आम्ही. अजून पुढं सरकली नाही, पण मी आता मावशीकडं गेले की चहाच्या आधी चीर बघते.

तर क्लास घ्यावा का? दुकान, साईट, कोणाचं ऑफिस, कुठंच ओळख नसेल तर ऑटोकॅड आणि थ्रीडीपुरता घ्या, पण तेवढ्यासाठी तीन-चार महिन्यांचा वेगळा कोर्स मिळतो, वर्षभराची फी एकदम भरू नका, हप्त्यानं भरा, आणि शिकवणाऱ्या माणसाला आधी भेटा, ब्लेझरवाल्या फोटोला नाही. बारावीला गणित-फिजिक्स असेल आणि घरून पाच वर्षं निघण्यासारखी असतील तर आधी नाटा देऊन बघा. सरांचा नंबर मागू नका, त्यांनी देऊ नको म्हणून सांगितलंय.

हो, एक राहिलंच. दुपारची बॅच चुकूनही घेऊ नका. वर्ग तिसऱ्या मजल्यावर आहे, वर पत्रा, आणि पश्चिमेला खालपासून वरपर्यंत काच.